थंडीत हीट नाही, बाथरूमचं छत गळतंय, तर भाडं थांबवायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ एका दोन-फॅमिली घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहता, भाडं महिन्याला २,४०० डॉलर, घरात सात महिन्यांचं बाळ. गेले तीन आठवडे हीट कधी येते कधी जाते, बाथरूमच्या छतातून पाणी गळतंय आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरलीये. मालक आपल्यातलेच, तुम्ही त्यांना काका म्हणता, आणि ते दर वेळी फोनवर "उद्या माणूस पाठवतो" म्हणतात. आता तुम्ही विचारताय की पुढच्या महिन्याचं भाडं थांबवू का, की स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून कापू, की सरळ घर सोडून जाऊ. आणि नवरा एच-वन-बी वर आहे, तर कोर्टापर्यंत गेलं तर व्हिसाचं काय.

मी इथे गेली सोळा वर्षं भाडेकरू-घरमालकांच्याच केसेस करते, जास्त भाडेकरूंच्या बाजूने, पण मालकांच्याही केल्यात. सर्वात आधी तुमच्या मनातली भीती काढते. भाड्याची केस ही दिवाणी केस असते, गुन्हा नाही, आणि नुसत्या तेवढ्याने कोणाचं एच-वन-बी जात नाही. या भीतीपायी बाळाला थंडीत झोपवणारी घरं मी पाहिलीत म्हणून हे पहिल्यांदा लिहितेय.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय "भाडं थांबवू का", पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. घर राहण्यालायक नाही हे तुम्हाला माहितीये, काकांनाही माहितीये, पण उद्या तिसऱ्या माणसासमोर, म्हणजे जजसमोर, ते दाखवायला तुमच्याकडे आज काय आहे? तुम्ही लिहिलंय की सगळं बोलणं फोनवर झालंय. म्हणजे कागदावर काहीच नाही. अशा अवस्थेत भाडं थांबवलंत तर रेकॉर्डवर फक्त एकच गोष्ट दिसेल, की भाडेकरूने भाडं भरलं नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे यात शंका नाही. पूर्वी समजूत अशी होती की जागा भाड्याने दिली की मालकाचं काम संपलं, आत गळो की पडो, भाडं द्यायचंच. १९७० साली हे बदललं. त्या वर्षी वॉशिंग्टन डीसीत क्लिफ्टन टेरेस नावाच्या इमारतींची जॅविन्स केस झाली, तिथे हाउसिंग कोडचे, म्हणजे घरांसाठीच्या सरकारी नियमांचे, जवळपास १,५०० भंग झाल्याचं भाडेकरूंचं म्हणणं होतं, आणि जज स्केली राइट यांनी म्हटलं की भाडेकरू नुसती चार भिंतींची जागा घेत नाही, तो हीट, पाणी, दारं-खिडक्या, स्वच्छता या सगळ्यासकट राहण्यासारखं घर घेतो. म्हणून भाडं घेणाऱ्याने घर राहण्यालायक ठेवण्याची हमी लीजमध्ये लिहिलेली नसली तरी दिलेलीच असते.

आपल्या न्यू जर्सीची केसही त्याच वर्षातली, मरिनी विरुद्ध आयर्लंड. मला ही केस फार आवडते कारण ती इतकी साधी आहे. कॅम्डेनमधल्या एका बाईंच्या घरात जून १९६९ मध्ये टॉयलेट तडकलं आणि पाणी जमिनीवर यायला लागलं. त्यांनी मालकाला गाठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग त्यांनी प्लंबर बोलावून दुरुस्त करून घेतलं, खर्च आला ८५ डॉलर ७२ सेंट. भाडं होतं ९५ डॉलर. त्यांनी पुढच्या भाड्यापोटी ९ डॉलर २८ सेंटचा चेक पाठवला आणि सोबत प्लंबरची पावती जोडली. मालकाने घर खाली करायची केस टाकली आणि ती राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, तिथे कोर्टाने म्हटलं की असा खर्च भाड्यातून वळता करता येतो. आजही आमच्याकडे भाडेकरूने "घर राहण्यालायक नाही" असा बचाव घेतला की त्या सुनावणीला मरिनी हिअरिंगच म्हणतात. बाईंनी काय केलं ते नीट बघा: आधी कळवायचा प्रयत्न, मग दुरुस्ती, मग पावती, आणि उरलेलं भाडंही पाठवलं. त्यांनी ९ डॉलरसुद्धा ठेवून घेतले नाहीत.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिल्या नाहीयेत. पहिली म्हणजे काका वरच्या मजल्यावर स्वतः राहतात का? याने फार फरक पडतो. घर राहण्यालायक ठेवायची जबाबदारी दोन्ही बाबतीत आहेच, त्यात सूट नाही. पण इथला जो अँटी-एव्हिक्शन कायदा आहे, १९७४ चा, ज्यामुळे सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही, तो मालक स्वतः राहत असलेल्या आणि दोनपेक्षा जास्त भाड्याची युनिट नसलेल्या घराला लागू नाही. तक्रार केली म्हणून सूड उगवण्याविरुद्धचा कायदासुद्धा अशा घराला लागू नाही. म्हणजे काका वर राहत असतील तर तुमची हमी शाबूत आहे, पण लीज संपल्यावर "आता रिकामं करा" म्हणायला त्यांना फारसं कारण लागत नाही. काका दुसरीकडे राहत असतील तर तुमचं पारडं बरंच जड आहे.

दुसरी गोष्ट, लीजमध्ये हीट कोण देतं? गॅसचं बिल तुमच्या नावावर असलं तरी बॉयलर मालकाचा आहे आणि तो चालू ठेवणं त्यांचंच काम, पण बिल थकून गॅस कापला गेला असेल तर गोष्ट वेगळी. तिसरी, गळती कशामुळे आहे, वरच्या बाथरूममधून की कुठल्या पाइपमधून, आणि बुरशी त्या गळतीच्या आसपासच आहे ना. घरात कपडे वाळवून, एक्झॉस्ट बंद ठेवून बुरशी आली असं मालकाचा वकील म्हणतोच म्हणतो. इथे मोल्डसाठी अमुक प्रमाण म्हणजे धोकादायक असा आकडा कायद्यात नाही, म्हणून मी क्लायंटना सांगते की मोल्ड टेस्टिंगवर शेकडो डॉलर घालवण्याआधी गळतीवर भर द्या. छतातून टपकणारं पाणी कोणालाही डोळ्यांनी दिसतं.

हीटचं मात्र आकड्यात बसतं. न्यू जर्सीत १ ऑक्टोबर ते १ मे या काळात सकाळी ६ ते रात्री ११ घरात किमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सियस, आणि रात्री ६५ असायला हवं. म्हणून आजच एक साधा थर्मामीटर आणा, बाळाच्या पाळण्याजवळ लावा, आणि सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपताना त्याचा फोनवर फोटो काढा. एका केसमध्ये आमच्या क्लायंटने, तिचंही बाळ लहान होतं, एका दोनशेपानी वहीत रोज तारीख, वेळ, तापमान आणि बाहेर बर्फ होता का एवढं लिहून ठेवलं होतं. पानांवर दुधाचे डाग, मधेच लसीकरणाची तारीख, डॉक्टरची वेळ. जजने ती वही हातात घेऊन पानं उलटली, दोन-तीन ठिकाणी थांबल्या, आणि मालकाला विचारलं की ११ जानेवारीला सकाळी ५४ होतं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी दहा मिनिटं युक्तिवाद करून जे झालं नसतं ते त्या वहीने केलं.

मग पत्र. काकांना आजच ईमेल करा आणि तेच पत्र सर्टिफाइड मेलने पण पाठवा, पोचपावती मागून. संबंध बिघडतील असं वाटतंय हे कळतं मला, पण पत्र कडक असायची काहीच गरज नाही. असं लिहा: "काका, ३ जानेवारीपासून हीट नीट येत नाहीये, मी तुम्हाला ५, ९ आणि १४ तारखेला फोन केला होता. बाथरूमच्या छतातून १० तारखेपासून पाणी गळतंय. फोटो जोडलेत. घरात लहान बाळ आहे. हीट दोन दिवसांत आणि गळती दहा दिवसांत दुरुस्त करून घ्यावी ही विनंती. माणूस कधीही आला तरी मी घर उघडायला आहे." तारखा तुमच्या तुम्ही टाका, आणि पत्र अर्थातच इंग्रजीत असू द्या, उद्या कोर्टात दाखवताना भाषांतराची कटकट नको. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण "मी माणूस पाठवला होता, यांनी दार उघडलं नाही" हे मालकांकडून ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आणि मुदत देताना दोन्ही गोष्टींना वेगळी द्या. जानेवारीत हीट नसणं ही तातडीची बाब आहे, छताला थोडा वेळ लागतो हे जजलाही कळतं.

दोन दिवसांत हीट आली नाही तर टाउनच्या हेल्थ डिपार्टमेंटला किंवा हाउसिंग इन्स्पेक्शनवाल्यांना फोन करा. (तीन किंवा जास्त युनिटची इमारत असती तर राज्याचं हाउसिंग इन्स्पेक्शन ब्युरो पण असतं, तुमचं दोन-फॅमिली आहे म्हणून टाउनच.) इन्स्पेक्टर येतो, बघतो, नोटीस काढतो, आणि तो कागद तुमच्या कामाचा असतो कारण तो तुमचाही माणूस नसतो आणि काकांचाही नसतो. लोक याला घाबरतात, बाळ असताना घर धोकादायक म्हणून बाहेर काढतील का वगैरे. बॉयलर बंद आहे म्हणून रातोरात कुटुंबाला बाहेर काढल्याचं माझ्या सोळा वर्षांत मी पाहिलं नाहीये. पण तुम्ही राहता ती जागा बेकायदा बेसमेंट असेल तर आधी वकिलाशी बोला, तिथे गणित पूर्ण वेगळं आहे.

आता भाड्याकडे येते. थांबवता येतं का, तर हो. पण कसं ते ऐका. इथे खासगी घरात भाडं थकलं की मालक बहुतेक वेळा आधी नोटीस न देता थेट केस टाकू शकतो. केस पडली की कोर्टात तारीख लागते, तुम्ही तिथे हमीचा मुद्दा मांडता, आणि मरिनी हिअरिंग हवं असेल तर थकलेलं भाडं सहसा कोर्टाकडे भरावं लागतं. म्हणजे थांबवलेला पैसा न पैसा तुमच्याकडे तयार असायला हवा. जज दोन्ही बाजू ऐकून भाड्यात किती टक्के सूट योग्य ते ठरवतात, समजा २० टक्के ठरली तर तुमच्या २,४०० मधले ४८० कमी होणार, बाकी १,९२० काकांना जाणार. सगळं भाडं माफ झालंय असं फार क्वचित होतं, कारण तुम्ही त्या घरात राहिलात तर खरंच.

मी हरलेली एक केस अजून मनात आहे. तरुण जोडपं होतं, घरात उंदीर, हीट नाही, पुरावे सुद्धा बरे होते. तीन महिने भाडं थांबवलं होतं. तारखेच्या दिवशी मी विचारलं की पैसे आणलेत ना, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मध्येच गावी वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि पैसे तिकडे गेले होते. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण जजसमोर भरायला काही नव्हतं आणि घर गेलं. म्हणून माझं सांगणं एवढंच, थांबवायचंच असेल तर वेगळं बँक अकाउंट उघडा, पहिल्या तारखेला भाड्याची पूर्ण रक्कम त्यात टाका आणि काही झालं तरी हात लावू नका.

पण मी तुमच्या जागी असते तर थांबवलं नसतं. कारण केस पडली आणि निकाल तुमच्याविरुद्ध गेला तर त्याची नोंद पुढच्या घराच्या वेळी बॅकग्राउंड चेकमध्ये दिसू शकते, आणि काका वर राहत असतील तर तुम्हाला लवकरच पुढचं घर शोधावं लागणार आहे. दुसरा एक रस्ता आहे जो लोकांना माहितीच नसतो. भाडं पूर्ण भरत राहा, दर वेळी ईमेलमध्ये एक ओळ लिहा की हीट आणि गळती दुरुस्त झालेली नाही, हक्क राखून भाडं देतोय, आणि नंतर जादा गेलेलं भाडं परत मागा. १९७३ ची बर्झिटो विरुद्ध गॅम्बिनो ही केस याच गोष्टीवर आहे. एलिझाबेथमधल्या एका बाईंनी आठवड्याला ३५ डॉलर भाडं भरलं होतं, रेडिएटर चालत नव्हते, खिडक्यांना फळ्या मारलेल्या, घरात झुरळं-उंदीर. मालकाने दुरुस्तीचं कबूल करून केलं नाही. त्यांनी नंतर भरलेल्या भाड्यातला फरक परत मागितला आणि कोर्टाने म्हटलं मागता येतो. त्यात कोर्टाने काय काय बघायचं ते पण सांगितलंय: बिघाड काय आहे, राहण्यावर परिणाम किती, किती दिवस चाललंय, घर किती जुनं, भाडं किती, भाडेकरूने स्वतःच तर केलं नाही ना. मालकाला कळवून वाजवी वेळ दिलेला असायला हवा हे तर आहेच. ५,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, वकील न लावता टाकता येतो आणि तुमचं प्रकरण त्यात आरामात बसतं. यात घर जायची टांगती तलवार नाही.

दुरुस्ती करून कापायचं म्हणाल तर बाथरूमचा नळ, तुटलेलं कुलूप, टॉयलेट असल्या गोष्टींना ठीक आहे, आधी लेखी कळवून, लायसन्सवाला माणूस लावून, पावती घेऊन. बॉयलरला स्वतः हात लावू नका, गॅसचं काम आहे, परमिट लागू शकतं, आणि उद्या काही झालं तर बोट तुमच्याकडे येईल. छत तर अजिबात नको, पाणी वरून येतंय आणि वर तुमचा ताबा नाही. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना हे कापणं नवीन नाहीये खरंतर, महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातही १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्तीचा खर्च वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. फक्त आपण सगळे ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहिलेलो, त्यामुळे भाडेकरूला काही हक्क असतात ही सवयच नसते.

सोडून जायचा मार्ग पण आहे. हॅकेन्सॅकमध्ये तळघरातल्या एका ऑफिसात दर पावसात पाणी भरायचं, ऑफिस घेतलेल्या बाई शेवटी सोडून गेल्या आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मालकानेच त्यांना जायला भाग पाडलं, पुढचं भाडं लागू नाही. पण त्यासाठी बिघाड मोठा हवा, मालकाला संधी दिलेली हवी, आणि बिघाड असताना निघायला हवं. दुरुस्ती झाल्यावर दोन महिन्यांनी निघालात तर हे चालणार नाही. निघालात तर डिपॉझिटचं पण बघा, इथे दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि निघाल्यावर ३० दिवसांत हिशोबासकट परत द्यावं लागतं, चुकीने अडवलं तर दुप्पट मागता येतं. काका वर राहत असतील तर हा कायदा आपोआप लागत नाही, तुम्ही लेखी कळवल्यावर ३० दिवसांनी लागतो, म्हणून तो कागद आत्ताच पाठवून ठेवा.

एकाने खाली विचारलंय की गळतीच्या पाण्यावरून कोणी घसरून पडलं किंवा बाळ आजारी पडलं तर मालक जबाबदार का. हे भाडं-सूटीपेक्षा वेगळं प्रकरण आहे, इजेचा दावा, आणि त्यात मालकाला माहीत होतं का किंवा माहीत असायला हवं होतं का हे बघतात. पुन्हा तुमचं पत्रच कामाला येणार. न्यू जर्सीत ही जबाबदारी बरीच पुढे गेलीये. पॅसेइकमध्ये एका वयस्कर बाईंवर इमारतीच्या जिन्याच्या वाटेत हल्ला झाला, खालच्या दाराला कुलूपच नव्हतं, तर १९८० च्या ट्रेंटाकॉस्ट केसमध्ये कोर्टाने म्हटलं की वाजवी सुरक्षितता ही राहण्यालायक घराच्या हमीतच येते. तुमचं सामान भिजलं तर मात्र मालकाचा इन्शुरन्स सहसा देत नाही, रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूच्या सामानाचा विमा) नसेल तर घेऊन टाका.

जे लोक टेक्सास, कॅलिफोर्नियातून वाचतायत त्यांनी हे जसंच्या तसं वापरू नका. टेक्सासमध्ये दुरुस्ती मागायची तर भाडं थकलेलं नसायला हवं, तिथे थांबवणं अंगाशी येतं. कॅलिफोर्नियात कापायची मर्यादा एका महिन्याचं भाडं आणि १२ महिन्यांत दोनदाच.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा: आज थर्मामीटर आणि फोटो, आज रात्रीच ईमेल, उद्या पोस्ट, दोन दिवस वाट, मग टाउनला फोन, आणि भाडं हक्क राखून भरत राहायचं. काका चिडून कुलूप बदलीन किंवा गॅस तोडीन म्हणाले तर ते बेकायदा आहे, कोर्टाच्या अधिकाऱ्याशिवाय कोणीही तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, सरळ पोलिसांना बोलवा.

आणि एक विनवणी आहे. तुम्ही लिहिलंय की रात्री ओव्हन उघडा ठेवून खोली गरम करतोय. ते आजपासून बंद करा. गॅस ओव्हनमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. अलार्म लावलेला आहे का बघा, बटण दाबून वाजतो का बघा, नसेल तर तो लावून देणंही मालकाचं काम आहे, पण त्यांची वाट न बघता एक विकत आणा आणि पावती ठेवा. दोन रात्री जास्तच थंडी असेल तर बाळाला घेऊन मैत्रिणीकडे किंवा हॉटेलात जा, तीही पावती ठेवा. काका वर राहतात की नाही आणि लीज कधी संपतंय तेवढं कळवा, मग पुढचं सांगते.